कवडीसाठी तीन दिवसांचं समन्वय शिबिर

मुलांनो, एका जंगलात एक बालवाडी होती आणि त्या बालवाडीच्या बाई चक्क बालवाडीतच असायच्या. यावरूनच तुम्ही ओळखलं असेल की गोष्ट फार जुनी आहे.

बाईंचं नाव वेणूबाई. त्या सायाळ होत्या. अंगभर काटे. त्यामुळे त्यांच्या मांडीवर कुणी बसत नसे, पण भोवती सगळे बसत. चार ससे, दोन वानरं, उदमांजराची जुळी आणि कवडी.

कवडी म्हणजे चितळाचं पाडस. अंगावर पांढरे ठिपके, मोठाले डोळे आणि छान उभे कान. त्या कानांना ऐकू मात्र येत नव्हतं.

जंगलात ऐकू न येणं ही साधी गोष्ट नाही. बिबट्या निघाला की झाडावरचा वानर खाकरतो. खाकरणं ऐकलं की पळायचं, हा तिथला पहिला धडा. कवडीचा हा धडाच कच्चा. सगळे पळून जायचे आणि ही एकटी गवत खात उभी. दोनदा तिच्या आईनं परत येऊन, ढुशी मारून तिला पळवली होती. तिसऱ्यांदा आपण वेळेवर पोचू की नाही, या धास्तीनं आई रोडावत चालली होती.

"बाई, मी काही जन्माला पुरायची नाही," ती वेणूबाईंना म्हणाली. "हिचं कसं करायचं?"

"मला ठाऊक नाही," वेणूबाई म्हणाल्या. "बघू या."

मुलांनो, पुढे तुम्ही तज्ज्ञ झालात तर असं कधी बोलू नका. लोकांचा विश्वास उडतो.

बघू या म्हणाल्या म्हणून वेणूबाई खरंच बघत बसल्या. आठ दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. कवडी कशाला दचकते, कशाकडे वळते, कशावर हसते. नवव्या दिवशी एका सशानं दुसऱ्याचं गाजर पळवलं. वेणूबाईंना राग आला आणि त्यांनी पाय आपटला. सायाळ रागावली की पाय आपटतेच.

कवडी पाठमोरी उभी होती. तिनं झटकन मान वळवली.

वेणूबाईंनी पुन्हा पाय आपटला. कवडीनं पुन्हा बघितलं. जमिनीचा हादरा तिला खुरांतून कळत होता.

मग एक खेळ सुरू झाला. पाय आपटला की सगळ्यांनी करवंदीच्या जाळीत पळायचं. कवडीची आई बालवाडीत येऊन बसू लागली. संध्याकाळी घरी तोच खेळ घेऊ लागली. पंधरा दिवसांत कवडी पळायला शिकली. महिन्याभरात ती स्वतःच पाय आपटू लागली. ऐकू येत नसल्यामुळे ती सारखी बघत असे. गवताचं पातं वाऱ्याविरुद्ध हललं तरी तिला दिसे. तिनं पाय आपटला की ससे, वानरं, जुळी, सगळी धूम जाळीत.

आई पुन्हा अंग धरू लागली. गोष्ट इथंच संपली असती. पण त्या आठवड्यात तपासणी आली.

तपासणीला विस्तार अधिकारी गवेसाहेब आले. ते जातीचे गवे, म्हणून नावाचेही गवे. त्यांनी खेळ पाहिला. ते खूश झाले आणि लगेच गंभीर झाले.

"या पद्धतीचं नाव काय?"

"नाव नाही ठेवलं, साहेब. पाय आपटतो."

"तुमचं विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण झालंय?"

"नाही."

साहेब हळहळले. "म्हणजे मूल शिकलंय, पण विनाप्रशिक्षण. आता हे निस्तरायला हवं."

निस्तरण्यासाठी समन्वय समिती नेमली गेली. समितीत तीन तज्ज्ञ होते.

पहिले कासव. ते शीघ्र हस्तक्षेपाचे तज्ज्ञ. वेळीच धावून जाणं हे त्यांचं काम. याआधीच्या एका पाडसासाठी ते निघाले होते, ते नुकतेच पोचले होते. त्या पाडसाला आता नातवंडं होती. ते भेटलं, चहा झाला आणि कासव समाधानानं परतलं.

दुसरे पोपट. ते वाचातज्ज्ञ. समोरचा काय म्हणाला ते पुन्हा म्हणून दाखवत.

तिसरे खेकडा. ते चालण्याच्या उपचारांचे तज्ज्ञ. त्यांनी कवडीला चालवून पाहिलं आणि डोळे बाहेर काढले. "दोष गंभीर आहे. मूल सरळ पुढे चालतं."

मग कवडीची वाटणी झाली. कान कासवाकडे. तोंड पोपटाकडे. चारही पाय खेकड्याकडे. एकानं दुसऱ्याच्या भागाला हात लावायचा नाही. शेपूट उरली. ते पद रिक्त ठेवण्यात आलं.

"आणि अख्खी कवडी कुणाकडे?" वेणूबाईंनी विचारलं.

"तसं पद मंजूर नाही," गवेसाहेब म्हणाले.

कवडीची आई दाराशी उभी होती. "साहेब, आणि मी काय करू?"

"पालकांचा सहभाग हा तर आमचा कणा आहे," साहेब प्रेमानं म्हणाले. "तो विषय क्रमांक सात आहे. तुम्ही बाहेर थांबा."

सहावा विषय संपता संपता चहा आला आणि बैठक आटोपली.

लवकरच बालवाडीवर पाटी लागली. 'मुलांच्या भल्यासाठी बालवाडी तीन दिवस बंद.' वेणूबाईंना समन्वय शिबिराचं बोलावणं आलं.

पहिल्या दिवशी तिन्ही तज्ज्ञ व्यासपीठावर आले आणि मधल्या खुर्चीवर कुणी बसायचं यावरून त्यांचं भांडण झालं. कासव म्हणालं, मी वयानं मोठा. पोपट म्हणाले, मी वयानं मोठा. खेकड्यानं खुर्चीच बाजूला ओढली. शेवटी तिघांना तीन झाडांखाली बसवण्यात आलं आणि एकत्र काम कसं करावं, हे तिथं वेगवेगळं शिकवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी गटचर्चा होती. वेणूबाईंच्या गटात वेणूबाई एकट्याच होत्या. त्यांनी चर्चा केली आणि बहुमतानं ठरलेला मुद्दा मांडला. "मला बालवाडीत जाऊ द्या."

"असा सूर निघणं स्वाभाविक आहे," कासव म्हणालं. "तो प्रशिक्षणानं जातो."

तिसऱ्या दिवशी समारोप. प्रात्यक्षिकासाठी सगळ्या पिल्लांना आणलं होतं. ती पहिल्या रांगेत बसली. कवडी व्यासपीठावर. तिची आई मंडपाच्या दोरीपाशी उभी, कारण तिच्याकडे बिल्ला नव्हता.

गवेसाहेब बोलायला उभे राहिले. पोकळ ओंडक्याचा कर्णा लावला होता. त्यातून त्यांचा आवाज असा घुमत होता की शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. तेवढ्यात वरच्या फांदीवरचा वानर खाकरला. पुन्हा खाकरला. पोपटांनी वर बघून चोचीवर पंजा ठेवला.

"शंका शेवटी विचारा."

आणि मंडपाच्या दाराशी, नावनोंदणीच्या टेबलापाशी, बिबट्या येऊन उभा राहिला.

टेबलावर मुंगूस होतं. सकाळपासून वही भरून त्याची मान मोडली होती. त्यानं वर बघितलं नाही.

"नाव?"

"बिबटे."

"काम?"

बिबट्यानं जरा विचार केला. "लहान मुलांमध्ये असतो."

"वयोगट?"

"जितकं लहान तितकं बरं."

"अनुभव?"

"जन्मापासून."

"सहकाऱ्यांबरोबर काम करता का?"

"आजवर एकट्यानंच केलं," बिबट्या नम्रपणे म्हणाला. "पण शिकायची तयारी आहे."

असा उमेदवार मुंगसाला तीन दिवसांत भेटला नव्हता. त्यानं बिबट्याला पिशवी दिली, वही दिली, गळ्यात बिल्ला घातला आणि पहिल्या रांगेत, मुलांच्या अगदी शेजारी बसवलं.

व्यासपीठावर प्रात्यक्षिक चालू होतं. कासव कवडीच्या कानाशी अहवाल वाचत होतं. पोपट "बोल, बोल" म्हणत होते. खेकडा तिला पायाला धरून बाजूला ओढत होता. कवडीला यातलं काही कळत नव्हतं. म्हणून ती समोर बघत होती. पहिल्या रांगेत तिला जुळी दिसली. जुळ्यांशेजारी बिल्ला दिसला. बिल्ल्यामागे, खुर्चीखाली, एका शेपटीचं टोक हळूहळू हलत होतं.

कवडीनं पाय आपटला.

"नोंद करा," खेकडा म्हणाला, "पाय उपचारांना विरोध करतोय."

कवडीनं दुसऱ्यांदा, सगळा जोर लावून, पाय आपटला.

चार ससे उठले. वानरं उठली. कुणी मागं पाहिलं नाही. सगळी मंडपाच्या कनातीखालून मागच्या करवंदीच्या जाळीकडे सुटली. आईनं दोरीवरून उडी घेतली आणि कवडीला पुढं घातलं. जुळी मात्र नेहमीप्रमाणे आधी कुणी निघायचं यावर अडली. बिबट्या उठला. वेणूबाईंनी दोघांना नाकानं ढकलत जाळीत कोंबलं आणि स्वतः जाळीच्या तोंडाशी बिबट्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. डोळे मिटून त्यांनी सगळे काटे उभे केले.

बिबट्यानं झेप घेतली. ती नाकात तीन काटे घेऊन संपली.

"प्रशिक्षणार्थींनी समारोपाआधी जागा सोडू नये," कर्ण्यातून साहेब म्हणत होते.

बिबट्या नाक धरून परत आला. मुलं गेली होती. कासवानं मान आत घेतली होती. गवेसाहेब फार मोठे होते आणि खेकड्यात त्याला रस नव्हता. तो खुर्चीवर जाऊन बसला. भाषण संपेपर्यंत बसलेला तो एकटाच श्रोता. त्यानं अभिप्रायही लिहिला. 'शिबिर उत्तम. मुलांना एका जागी आणण्याची कल्पना फार आवडली. वरचेवर व्हावं.'

त्याला प्रमाणपत्र मिळालं. फोटो निघाला. फोटोत तो मधल्या खुर्चीवर आहे.

अहवाल सुंदर झाला. 'अवघ्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणानं सर्व बालकं संकटात पळायला शिकली,' असं त्यात होतं. वेणूबाईंना समारोपातून विनापरवानगी उठल्याबद्दल नोटीस आली. प्रमाणपत्र नाही. आता सहा महिन्यांचं निवासी प्रशिक्षण, तेही पलीकडच्या जंगलात. तोवर बालवाडी चालवायला प्रमाणपत्रधारक हवा होता. तो जंगलात एकच होता.

दुसऱ्या सकाळी कवडीची आई बालवाडीच्या दारापर्यंत आली. आत बिबटेसर स्वच्छ पंजे घेऊन बसले होते. ती मागच्या पावली वळली, वेणूबाईंच्या बिळाशी गेली आणि सरळ म्हणाली, "बाई, तुम्ही जाऊ नका."

"नोटीस आहे हो."

"असू दे. आम्ही सगळ्या आया आळीपाळीनं येऊन बसू. मला शिकवता येत नाही. पण कवडी मला कळते."

वेणूबाईंनी नोटीस दोनदा वाचली. मग ती घडी करून बिळात ठेवली आणि ओढ्याच्या पलीकडे गेल्या. तिथं दुसऱ्या दिवसापासून मुलं जमू लागली. पुढे सशांची आई आपलं एक आंधळं पिल्लू घेऊन आली. याला कसं शिकवायचं, असं तिनं विचारलं. वेणूबाई म्हणाल्या, ठाऊक नाही. आणि त्याच्याकडे बघत बसल्या.

जुनी बालवाडी अजून चालू आहे. हजेरी शून्य. बिबटेसर बरेच वाळलेत. गवेसाहेब मध्यंतरी तपासणीला आले, तेव्हा रिकाम्या वर्गात उभे राहून त्यांनी शेरा लिहिला. 'शिस्त वाखाणण्यासारखी. वर्गात अजिबात गोंगाट नाही.' त्या वर्षीचा आदर्श बालवाडीचा मान तिलाच मिळाला.

तात्पर्य (वहीत सुवाच्य अक्षरात पाच वेळा लिहा): मुलाजवळ फार वेळ बसलेल्या बाईंना मूल कळू लागतं आणि समितीला काम उरत नाही. हा धोका वेळीच ओळखून त्यांना ताबडतोब प्रशिक्षणाला पाठवावं.