तपासणार : श्री. देवधर

नसीम तांबोळीबाईंनी मला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि चार मिनिटांत दहापैकी पाच गुण दिले.

सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी सहा ते आठ एक वर्ग चालतो. इमारतींचे नकाशे काढायला शिकवतात. वर्षभराचा अभ्यासक्रम, शेवटी प्रमाणपत्र. मी एका बांधकाम कचेरीत बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. साहेब म्हणाले, "आता नकाशा वाचता येणारी माणसं लागणार, देवधर. नाहीतर..." त्या 'नाहीतर'ला घाबरून मी सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथे नाव घातलं. पहिल्या दिवशी बोर्डावर कागद चिकटवून नुसत्या सरळ रेघा मारत होतो. शेजारच्या बाकावरून साठी ओलांडलेल्या, जाड चष्म्याच्या एक बाई उठल्या आणि माझ्या कागदावर वाकल्या. फारसं वाकावं लागलं नाही, कारण उंची चार फूट नऊ इंच. पर्समधून लाल पेन काढलं आणि माझ्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं : '५/१०. रेघा घाबरलेल्या आहेत.'

मी हबकलोच. मुख्य म्हणजे शेरा खरा होता.

बाईंनी चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवलं होतं. ते कळल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुमचं मराठी फार छान आहे हो."

"तुमचंही बरं आहे," बाई म्हणाल्या.

पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

पण बाईंच्या शेजारी बसून गप्प राहणं अवघड. त्या जगाला गुण देत असत. खालच्या अमृततुल्यमध्ये चहाचा पहिला घोट घेतला की जाहीर करायच्या, "आज सात. काल आठ होता." मालक स्वतः उठून आल्याचा तुकडा ठेचायला लागायचा. दवाखान्यातल्या यंत्राचा आवाज आला की म्हणायच्या, "नवा डॉक्टर दिसतोय. हात कच्चा आहे." आणि कुणी कशालाही नाही म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य : "कारण लिहा." एकदा एका रिक्षावाल्यानं धायरीला यायला नकार दिला. बाईंनी वही आणि पेन त्याच्यापुढे धरलं. "कारण लिहा." तो इतका गोंधळला की मुकाट्यानं त्यांना धायरीला सोडून आला. पुण्यात असं घडतं यावर मी अजूनही पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

शाळेतली एक युक्ती त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितली होती. रोज फळ्यावर गणित सोडवताना त्या मुद्दाम एक चूक करायच्या. जो पोरगा ती पकडेल त्याला लिमलेटची गोळी. "त्यानं कळतं की वर्ग जागा आहे. गोळ्या अजून असतात पर्समध्ये. सवय." मी हसलो आणि विसरून गेलो.

आमच्या सरांचा एक नियम होता. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट आखायची आणि तिच्यात दोन नावं लिहायची : 'काढणार' आणि 'तपासणार'. शेजाऱ्यानं तपासून सही केल्याशिवाय सर कागद घेत नसत. त्यामुळे माझे कागद बाई तपासायच्या आणि बाईंचे मी.

आता सांगायचं ते पुढचं. हे मी घरीही बोललेलो नाही.

माझा कागद बाई पाऊण तास तपासायच्या. पट्टी लावून, मापं मोजून, लाल खुणा करून. 'खिडकी कुणासाठी? समोर भिंत आहे.' 'या घरात पाहुणा कुठे बसेल?' आणि मी बाईंचा कागद पुढे ओढायचो, मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत सही करायचो आणि वर 'उत्तम' लिहायचो. आमच्या कचेरीत सही म्हणजे नमस्कार. समोरच्यानं केला म्हणून आपणही करायचा. असे मी अकरा कागद तपासले. अकराच्या अकरा उत्तम.

बाई चौकटीतली माझी सही बोटानं वाळली का पाहायच्या आणि विचारायच्या, "काही चूक नाही?"

"तुमच्या कागदात चूक कसली, बाई."

"बरं," म्हणायच्या.

बाई हे सगळं शिकत होत्या त्याला कारण होतं. त्यांचा मुलगा इम्रान बंगळुरूला असतो. सहा फूट उंच. वडिलांवर गेलाय, बाई म्हणायच्या. ईदला यायचा, बायकामुलांना घेऊन हॉटेलात उतरायचा, दुपारी जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. धायरीतल्या घरात खाली दोनच खोल्या. वर गच्ची, तिथे जायला बाहेरून लोखंडी शिडी. इम्रान म्हणाला होता, "अम्मी, घर विकून टाक आणि आमच्याकडे ये." बाई म्हणाल्या, "कारण लिही." तो म्हणाला, "आम्ही आलो तर राहणार कुठे?" मग गच्चीवर एक खोली बांधायचं ठरलं, आणि वर जायला घरातून जिना. "खोली झाली तर आठ दिवस राहीन म्हणालाय," बाईंनी मला सांगितलं. आठ हा आकडा त्यांनी अशा आवाजात उच्चारला की मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

खोलीचे कागद रीतसर एका इंजिनिअरनं केले. आतला जिना मात्र बाईंनी हट्टानं स्वतः काढला. तो बारावा कागद, सरांना न दाखवता थेट गवंड्यांना द्यायचा. त्या दिवशी मी भेळ खात होतो. डाव्या हातात भेळ, उजव्या हातानं सही. उत्तम.

महिन्याभरानं, एका रविवारी, बाईंनी मला धायरीला जेवायला बोलावलं. खोली तयार होती, रंगाचा वास येत होता. बाई जिन्यावर पुढे, मी मागे. त्या बोलत बोलत चढत होत्या, "इथे पोरांना धरायला कठडा खालीच ठेवलाय..." आणि सहाव्या पायरीवर माझं कपाळ सिमेंटच्या बीमवर आपटलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले. बाई त्याच बीमखालून डोक्यावर चांगली सहा इंच जागा ठेवून निघून गेल्या होत्या.

"कसला आवाज?" वरून विचारलं.

"पिशवी आपटली," मी म्हणालो.

त्या खाली शिरा आणायला गेल्या तेव्हा मी त्यांच्याच टेपनं माप घेतलं. पायरीपासून बीमपर्यंत पाच फूट तीन इंच. हवेत सात. हे आम्हाला वर्गात दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. बाई बुटक्या, त्यांना कधी लागणार नव्हतं. लागणार होतं ते इम्रानला, रोज, आठ दिवस. की पहिल्याच दिवशी पिशव्या उचलून तो हॉटेलात जाणार होता?

मान वर केली तर समोर भिंतीवर फ्रेम. बाईंनी बारावा कागद काचेत घालून जिन्यातच लावला होता. काढणार : न. तांबोळी. तपासणार : श्री. देवधर. वर, भेळेच्या चिंचेच्या डागासकट, 'उत्तम'.

इतका हादरलो होतो की शिरा तीन वेळा मागून घेतला.

निघताना बांधकाम करणारे बबनराव दारात भेटले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात बीमचं विचारलं. "आवो, आमच्या गवंड्यांनीबी दोनदा डोकी आपटली की," ते म्हणाले. "पर कागदाव चेक केल्याची सही हाय. शिकल्या-सवरल्या मानसाची. मग आपुन कशाला डोकं चालवायचं?"

बायकोला मी सांगितलं की कपाटाचं दार लागलं. आठ दिवस टेंगूळ घेऊन हिंडलो. वर्गात बाईंच्या शेजारी बसून रेघा मारल्या. ईद तीन आठवड्यांवर आली होती. बाईंनी टेंगळाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. गुणही दिले नाहीत.

नवव्या दिवशी मी वर्ग सुरू होण्याआधी अर्धा तास गेलो. बाई नेहमीप्रमाणे आधीच आलेल्या.

"बाई," मी म्हणालो, "मी तुमचा एकही कागद तपासलेला नाही. एकही. जिना चुकलाय. माझ्यामुळे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"जिन्याचं?"

"जिन्याचं त्या रविवारीच कळलं. पिशवीचा आवाज आणि डोक्याचा आवाज यातला फरक मला कळतो, चौतीस वर्षं शाळेत होते. गवंडी तिथून वाकून जायचे, मला वाटलं अदबीनं वाकतात." चष्मा पुसला. "तुम्ही तपासत नाही, हे मात्र तिसऱ्या कागदापासून माहीत आहे."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. बाई माझ्यासाठी प्रत्येक कागदात एक चूक ठेवत होत्या. मुद्दाम. मी सही केली की घरी जाऊन खोडायच्या आणि दुरुस्त कागद सरांना द्यायच्या. आधी लहान चुका ठेवल्या. मग मोठ्या.

"पाचव्या कागदात स्वयंपाकघराला दारच नव्हतं. तुम्ही लिहिलंत, उत्तम."

मी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

"आठव्यात संडासाची कडी बाहेरून. उत्तम. दहाव्यात मी दिवाणखान्याच्या मधोमध विहीर काढली, देवधर. रहाटासकट."

"आणि मी..."

"अतिउत्तम लिहिलंत. त्या दिवशी भारत जिंकला असावा."

हसावं की रडावं कळेना. "मग बोलला का नाहीत? दुसऱ्या कुणाला तरी द्यायचे कागद."

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "शाळेत निकालपत्रकाच्या बेरजा आमचे मिस्टर तपासायचे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बारीक नजर. मी मुद्दाम एक बेरीज चुकवून ठेवायची. ती सापडेपर्यंत शेजारी बसायचे. सापडली की गोळी मागायचे." पेन बाकावर ठेवत म्हणाल्या, "ते जाऊन नऊ वर्षं झाली. मी तुमच्या सगळ्यांचं तपासते. माझं कुणी बघत नाही. तुम्ही बघत नव्हतात, पण बाक तरी शेजारचा होता. आणि जिन्यात मी काही ठेवलं नव्हतं हो. तिथे मी खरंच चुकले. मला वाटलं, चूक खरी असेल तर तुम्हाला दिसेल."

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या बाई हे खाली बघून बोलल्या.

जिना दुरुस्त झाला. बबनरावांनी कुरकुरत चार पायऱ्या फोडून तो बीमच्या अलीकडे वळवला. ईदच्या आदल्या दिवशी इम्रान ताठ मानेनं वर गेला, हे बाईंनीच नंतर फोनवर सांगितलं. किती दिवस राहिला, मी विचारलं. "पाच," बाई म्हणाल्या. "आठपैकी पाच. पास आहे."

पण मला आठवते ती मी कबुली दिली त्याच संध्याकाळची गोष्ट. बाईंनी गुंडाळी उलगडली आणि वळवलेल्या जिन्याचा नवा कागद माझ्यापुढे ठेवला. शेजारी लाल पेन. बाकाच्या कडेला लिमलेटच्या तीन गोळ्या मांडल्या.

मी मोबाईल बंद करून बॅगेत टाकला. पट्टी घेतली. प्रत्येक पायरी मोजली, प्रत्येक उंची ताडली. वर्ग सुरू झाला, सर काहीतरी बोलत होते, खाली दाताचं यंत्र कुरकुरत होतं. बाई शेजारी हाताची घडी घालून, पाय बाकाखाली अधांतरी, पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या बसल्या होत्या. तास उलटून गेल्यावर मी कागद त्यांच्याकडे सरकवला. पायऱ्यांचे आकडे लिहिताना नऊनंतर अकरा. कठडा भिंतीच्या आत. वरच्या खोलीची खिडकी जमिनीला टेकलेली. आणि खालचं दार उघडलं की थेट पहिल्या पायरीवर आपटणारं. चार लाल वर्तुळं. 'उत्तम' लिहिलं नाही.

बाईंनी वर्तुळं मोजली. परत मोजली. दारापाशी बोट थांबलं.

"चार?" त्या हळूच म्हणाल्या. "मी तर तीनच ठेवल्या होत्या."

मग पर्स उघडली आणि चौथी गोळी शोधायला लागल्या. शोधायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी कागदाकडेच बघत राहिलो.