सुजलेल्या डोळ्यांचा दरारा

सकाळी आरशात पाहिलं, तर श्यामकांतांच्या डोळ्यांखाली टम्म फुगलेल्या दोन करंज्या! आणि नेमकं आजच त्यांना खालच्या मजल्यावरच्या बत्रांशी भांडायचं होतं. मयूर विहारच्या सोसायटीत श्यामकांतांच्या हक्काच्या पार्किंगमध्ये वर्षभर बत्रांची गाडी ऐसपैस उभी होती आणि यांची बाहेर रस्त्यावर धूळ खात होती. "आज बोलला नाहीत, तर मी गाडीच विकून टाकते," असं अलकनंदाबाईंनी निक्षून सांगितलं होतं.

"असल्या रडक्या तोंडानं काय भांडू?"

"रात्री ताटभर पापड चापलेत, वर पालथे झोपलात. खारट खाल्लं की येतेच सूज. गार पाण्याची घडी ठेवा डोळ्यांवर. उतरेल दुपारपर्यंत."

"दुपारी बत्रा दुकानात असतो!"

पित्त उठलं की अंगाला आमसूल लावतात, हे श्यामकांतांना आठवलं. सूज ती सूज! बायकोची पाठ वळताच त्यांनी भिजवलेली आमसुलं पापण्यांवर थापली. आंबट रस डोळ्यांत उतरला तसे ते ओरडले आणि डोळे चोळत सुटले. आगीतून फुफाट्यात! सूज होती तिथेच राहिली, डोळे लालबुंद झाले आणि भोवती जांभळी कडी उमटली. साबणानंही रंग जाईना.

तसेच ते खाली उतरले. बत्रा गाडी पुसत होते.

"अरे भाईसाब! किससे भिड़ गए?"

"किसीसे नहीं. रात को पापड़ ज्यादा खाया," श्यामकांत खरं तेच बोलले.

"पापड़ से आँख जामुनी होती है?"

"वो आमसूल का रंग है जी."

बत्रांनी आमसूल जन्मात पाहिलं नव्हतं. मारामारी लपवणारी माणसं मात्र पुष्कळ पाहिली होती. पण इतक्या थंडपणे लपवणारा हा पहिलाच. ते एक पाऊल मागे सरले. डोळ्यांची आग होत होती म्हणून ते मनगटानं पुसायला श्यामकांतांनी बाही वर सारली आणि घसा खाकरला.

"बत्राजी, वो पार्किंग..."

"निकाल रहा हूँ जी, बिल्कुल निकाल रहा हूँ!"

पाठ केलेलं भाषण तोंडातच राहिलं. श्यामकांत धावत गेले, रस्त्यावरची गाडी घेऊन आले आणि वर्षभरात पहिल्यांदा आपल्या जागेत लावली. त्यांचा ऊर भरून आला. बाल्कनीत अलकनंदाबाई टाळ्या वाजवत होत्या.

"अहो, आता निघा की ऑफिसला! उतरलात कशाला गाडीतून?"

"वेडी की काय! गाडी नेली तर जागा जाईल," असं म्हणून श्यामकांत छाती पुढे काढून मेट्रो स्टेशनकडे चालू लागले.