सव्वासहा फुटांच्या मापाची गाडी

धम्मदीपने पहिल्यांदा नव्या गाडीवर बसून हँडल डावीकडे वळवलं, तेव्हा ते वळलं नाही. मध्ये त्याचा गुडघा होता. उजवीकडे वळवून पाहिलं, तर तिथे दुसरा गुडघा होता. सरळ जायला काही अडचण नव्हती. पण भामरागडच्या पलीकडच्या जंगलात शंभर पावलं सरळ जाईल अशी वाट देवाने अजून घडवलेली नाही.

गाडी मोठी देखणी होती. लाल-पांढरी, चिखलदगडांत चालण्यासाठीच बनवलेली, चाकांना बोटाएवढे दात, पोट जमिनीपासून वीतभर वर. 'दुर्गम आरोग्य सेवा प्रकल्पा'ने ती लसींचे डबे आडवाटेच्या गावांत पोचावेत म्हणून घेतली होती आणि बोडमेटा उपकेंद्राचा आरोग्यसेवक म्हणून धम्मदीपच्या नावावर चढवली होती. गाडी बनवणाऱ्याने डोळ्यांपुढे एक साधारण माणूस ठेवला असणार. धम्मदीप साधारण नव्हता. तो सहा फूट तीन इंच होता. बोडमेट्यात त्याच्या कपाळाला लागली नाही अशी एकही चौकट नव्हती.

प्रकल्पाचं कार्यालय नदीच्या ह्या काठाला आणि बोडमेटा त्या काठाला. मध्ये एक ठेंगणा पूल. जूनच्या मध्यात पाणी त्या पुलावरून जायला लागलं की ह्या काठाची गाडी ह्या काठाला राहते. गेल्या पावसाळ्यात धम्मदीपने लसीचा डबा डोक्यावर घेऊन अकरा गावं पायी केली होती. त्यामुळे त्याचं मागणं एवढंच होतं, की पाणी चढायच्या आत ही गाडी पुलापलीकडे न्यायची, आणि ती आपल्याला चालवता येईल अशी करून न्यायची. तारीख होती वीस मे.

असल्या गाड्या खराब वाटेवर उभं राहून चालवतात, असं त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तो उभा राहिला. हँडल मांड्यांपाशी राहिलं. कीर्तनात पेटीवाल्याला सूर खुणवायला बुवा वाकतात तसा तो वाकला. फरक एवढाच, की बुवा लगेच सरळ होतात. तशा वाकलेल्या स्थितीत तो गिअर बदलायला गेला तर बूट गिअरच्या खटक्याखाली शिरेना, शिरला तर निघेना. बूट काढायच्या नादात समोरचा बांध पाहायचा राहून गेला. धम्मदीप बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आणि गाडी बांधावर, अशी त्या दिवसाची सांगता झाली.

कार्यालयासमोरच बाबूभाईंचं गॅरेज होतं. बाबूभाई म्हणजे हातात पाना धरला की गाडीची नाडी पाहणारा माणूस. त्यांनी धम्मदीपला गाडीवर बसवलं, त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, उकिडवे बसून खालून पाहिलं आणि निदान सांगितलं.

"गाडीत काई खराबी नाई. तुमच्यातबी नाई. दोघायची ओळख नाई झाली अजून."

मग त्यांनी ओळख कशी करून द्यायची ते सांगितलं. हँडलखाली दोन इंचांचे ठोकळे टाकायचे. सीटवर जाड फोम चढवायचा. पाय ठेवायच्या दांड्या खाली आणि थोड्या मागे न्यायच्या. गिअरचा खटका वर करायचा, मागचा शॉकअप जरा कडक करायचा आणि क्लचची वायर लांब टाकायची, नाहीतर हँडल वर गेलं की क्लच दाबलेलाच राहील. सगळं मिळून दोन तासांचं काम. एवढं बोलून बाबूभाईंनी पाना उचलला आणि तेवढ्यात त्यांची नजर टाकीवरच्या 'शासकीय वाहन' ह्या अक्षरांवर गेली. पाना परत पेटीत गेला. मागे एका सरकारी जीपचा भोंगा त्यांनी नुसत्या भलेपणाने दुरुस्त करून दिला होता, तर मूळ भोंगा का वाजत नव्हता ह्याचा जबाब त्यांना तीनदा लिहून द्यावा लागला होता. कार्यालयाची चिठ्ठी आणा, म्हणाले, मग चंद्रावर जाईल अशी करून देतो.

चिठ्ठी रामाजींच्या हाती होती. रामाजी हे वाहनांच्या टेबलावरचे बाबू. माणूस लोण्यासारखा. पंचक्रोशीत कुठेही कीर्तन असलं की पहिल्या रांगेत रामाजी, आणि करुण प्रसंग आला की सगळ्यांत आधी उपरणं रामाजींच्या डोळ्यांना. धम्मदीपची हकीकत त्यांनी तशीच ऐकली. गुडघ्यापाशी 'अरेरे' म्हणाले, बांधीपाशी तर उपरणं डोळ्यांना गेलं.

"भाऊ, तुमचं दुःख मले समजलं," ते म्हणाले. "पण ते कागदाले समजलं पायजे ना. कागदाले डोळे नसते. तुम्ही उंच हा, हे त्याले कसं दिसन?"

म्हणून उंचीचा दाखला आला. दवाखान्यातली भिंतीवरची पट्टी सहा फुटांवर संपत होती, त्यामुळे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे 'सहा फूट व अधिक' असं लिहिलं. फाईल वर गेली. आठ दिवसांनी खाली आली. शेरा होता: 'अधिक म्हणजे किती?' मग शिंप्याची टेप मागवली, धम्मदीपला भिंतीशी उभं केलं, स्टुलावर चढून तीन इंच मोजले आणि साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. फाईल पुन्हा वर गेली. ह्या खेपेला ती चारच दिवसांत आली. रामाजींनी शेरा आधी मनात वाचला, मग चष्मा पुसून मोठ्याने वाचला.

"शासकीय वाहनात बदल करता येणार नाही. कर्मचारी वाहनास बसत नसल्यास कर्मचारी बदलण्याचा विचार व्हावा."

विचार झाला. कार्यालयात विक्की नावाचा दुसरा आरोग्यसेवक होता, पाच फूट दीड इंच. त्याचे गुडघे कुठेच अडकत नव्हते, हे खरं; पण त्याचे पाय कुठे टेकतही नव्हते. गाडी सुरू असेपर्यंत विक्की राजासारखा दिसे. थांबली की गाडी आणि राजा दोघंही एका अंगावर पडत. तो आवारात तीनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तो कार्यालयप्रमुख डॉक्टर नंदिनी मॅडमच्या गुलाबांच्या कुंड्यांवर. मॅडमनी त्याच दुपारी लेखी आदेश काढला की कर्मचारी पूर्वीचाच राहील. वाहनाबद्दल आदेशात काही नव्हतं.

एव्हाना जूनचा दुसरा आठवडा लागला होता. पलीकडून बोडमेट्याच्या आशा सेविका ठमाबाई यांचा फोन आला. त्या पुलाजवळच्या टेकाडावर चढून, रेंज धरून बोलत होत्या. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, पाणी पुलाच्या हातभर खाली होतं, आणि दोन गावांतल्या लेकरांच्या डोसाची वेळ झाली होती.

"भाऊ, गाडी येते का तुम्ही चालत येता?" त्यांनी विचारलं. "चालत येत असान तर आजच निघा."

धम्मदीप तशीच गाडी घेऊन निघायला तयार झाला. गुडघे गेले तर गेले. पण रामाजींनी हात जोडले. गाडीचं लोकार्पण व्हायचं होतं. मुंबईचे मोठे साहेब शुक्रवारी येणार होते, फीत कापणार होते, गाडीवर बसून फोटो काढणार होते. लोकार्पण होईस्तोवर ती गाडी लोकांची नव्हती.

शुक्रवारी आवारात मांडव पडला, गाडीला हार घातला. साहेबांची मोटार आली, दार उघडलं, साहेब उतरले आणि उतरतच राहिले. मांडवाची झालर बाजूला सारून ते आत आले तेव्हा सगळ्यांच्या माना मागे गेल्या होत्या. धम्मदीपची तेवढी सरळ होती.

फीत कापून साहेब गाडीवर बसले. फोटोवाला म्हणाला, "सर, गुडघे थोडे आत." आत जागा नव्हती. "मग बाहेर." बाहेर केल्यावर साहेब उडी मारायच्या बेतातल्या टोळासारखे दिसायला लागले. फोटोसाठी त्यांनी हँडल किंचित वळवलं, आणि भोंग्याचं बटण आणि साहेबांचा गुडघा ह्यांची गाठ पडली. भोंगा वाजू लागला. हा कार्यक्रमाचाच भाग असेल असं समजून मंडळींनी टाळ्या धरल्या. भोंगा थांबेना, म्हणून टाळ्याही थांबेनात. शेवटी दोघांनी साहेबांचा पाय धरून गुडघा मोकळा केला.

साहेब खाली उतरले. रागावले नाहीत. हळू आवाजात मॅडमना म्हणाले, "ही गाडी माणसांसाठीच घेतली आहे ना?" मग आढावा बैठकीला आत जाता जाता म्हणाले, की फोटो बैठक झाल्यावर काढू.

मॅडमनी रामाजींकडे पाहिलं. रामाजींनी फाईलकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी फाईल बंद करून तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते स्वतः धोतर सावरत रस्ता ओलांडून धावले. बाबूभाई जेवत होते. त्यांना ताटावरून उठवलं, पेटीसकट आणलं. चिठ्ठीचं त्यांनी विचारलं, तर रामाजी म्हणाले, "देवाचं काम समजून करा."

बाबूभाईंनी पाना लावला आणि थांबले. काम मापाचं होतं आणि माप साहेबांचं हवं होतं. बैठकीत जाऊन साहेबांच्या मांडीला टेप कोण लावणार? बाबूभाईंनी पान्यानेच मांडवाच्या खांबाकडे खूण केली. तिथे धम्मदीप उभा होता.

अशा रीतीने धम्मदीपला साहेबांच्या जागी गाडीवर बसवण्यात आलं. गेल्या महिनाभरात त्याचा गुडघा कुठे अडकतो हे ज्या खात्याने विचारलं नव्हतं, ते सगळं खातं आता त्याच्या गुडघ्याभोवती गोळा झालं होतं. नंदिनी मॅडम स्वतः वाकून दोन बोटांचं अंतर पाहत होत्या.

"आता हँडल साहेबांना जवळ नाही ना वाटत?" त्यांनी विचारलं.

"अर्धा इंच वर पायजे, मॅडम," धम्मदीप म्हणाला. "साहेबाले."

"अर्धा इंच वर घ्या," मॅडम म्हणाल्या.

रामाजींनी विचारलं, साहेबांचा बूट खटक्याखाली जाते का? जरा आवळ जाते, धम्मदीपने सांगितलं. साहेबांच्या कमरेला ताण पडते का? थोडा पडते, सीट अजून बोटभर उचलली तर बरं. त्याने मागितलं आणि मिळालं नाही, असं काहीच झालं नाही. शॉकअप आवळताना बाबूभाई त्याच्या कानाशी येऊन पुटपुटले, "अजून काई असन तर आत्ताच सांगून टाका. साहेब रोज नाई येत."

बैठक संपली तेव्हा गाडी तयार होती. साहेब बसले, हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं, मग किल्ली फिरवून आवाराला दोन फेऱ्या मारल्या, दुसरी उभं राहून. उतरले तेव्हा वीस वर्षांनी तरुण दिसत होते. फोटो झाले. इकडे धम्मदीप रामाजींच्या हातांकडेच पाहत होता, कारण बाबूभाईंनी काढलेलं जुनं सामान रामाजींनी कागदात बांधून हाती धरलं होतं, आणि साहेबांची मोटार फाटकाबाहेर पडली की ते परत बसवायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मोटारीत बसता बसता साहेब वळले. "उत्कृष्ट काम," ते म्हणाले. "अशीच राहू द्या. पुढच्या सगळ्या गाड्यासुद्धा ह्याच मापाच्या करून घ्या."

रामाजींनी ते वाक्य जागच्या जागी लिहून घेतलं.

धम्मदीप लगेच लसीचा डबा बांधून निघाला. ठमाबाईंचा दुसरा फोन त्याला वाटेतच आला, पाणी वीतभर खाली होतं. धम्मदीप पुलावर पोचला तेव्हा लाटेचे शिंतोडे काठाच्या दगडांवर उडत होते. तो उभा राहिला, पाठ ताठ, हात सैल, गुडघे मोकळे, मागे लसीचा डबा. पुलाच्या मध्यावर त्याला आपण गाडी चालवतो आहोत ह्याचाच विसर पडला. पलीकडे टेकाडावर ठमाबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडी पाहिली, वरचा माणूस पाहिला आणि म्हणाल्या, "आता दिसता तुम्ही पुरे, भाऊ." त्याच संध्याकाळी पूल पाण्याखाली गेला.

त्या पावसाळ्यात अकरा गावांत एकही डोस चुकला नाही.

ऑगस्टात चार दिवस उघाड पडली, पूल वर आला, आणि एका सकाळी उपकेंद्राच्या अंगणात तशीच लाल-पांढरी दुसरी गाडी शिरली. वर हेल्मेट घातलेला विक्की होता. प्रकल्पाने सहा गाड्या नव्या घेतल्या होत्या आणि आदेशाप्रमाणे सहाही साहेबांच्या मापाच्या करून घेतल्या होत्या. विक्कीने अंगणाला एक फेरी मारली, मग दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला धम्मदीप ओट्यावरून उठला.

"काऊन रे, थांबून नाई राह्यला?"

"थांबता येत नाई," विक्की पलीकडच्या कोपऱ्यातून म्हणाला. "पाय आधीच पुरत नव्हते, आता तर जमीनबी दिसत नाई." बोलणं फेऱ्या मारता मारताच चाललं होतं, त्यामुळे ते हप्त्याहप्त्याने ऐकू येत होतं. कार्यालयात तो ओसरीवरून चढायचा आणि ओसरीलाच उतरायचा. मधल्या गावांत कुठे ओसरी उंच नव्हती, म्हणून तो सकाळपासून थांबलाच नव्हता.

"सीट खाली करून मागाची ना मंग."

"अर्ज देल्ला. रामाजी रडले बी." विक्की लिंबाच्या झाडामागे गेला आणि पुढून निघाला. "वर पाठवला हाये."

पाचव्या फेरीला धम्मदीपने एक लांब पाऊल टाकलं, एक लांब हात पुढे केला आणि मागचा दांडा धरून गाडी जागीच रोखली. विक्कीने इंजिन बंद केलं, लसीचा डबा हातात दिला, पण उतरायला तयार होईना. एकदा उतरलो तर परत कोण चढवन, म्हणाला. म्हणून धम्मदीप एका हाताने गाडी धरून उभा राहिला आणि ठमाबाईंनी चहा आणून विक्कीला वरच दिला.

दोघं तसेच चहा पीत बोलत राहिले. बऱ्याच वेळाने धम्मदीपच्या ध्यानात आलं, की नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तो विक्कीशी मान न वाकवता बोलत होता.