राजाभाऊंच्या हंगामात कोणी मेलं नाही

कोणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. गेल्या दसऱ्यापासून या दसऱ्यापर्यंत मी शेजारच्या राजाभाऊंना जेवढ्या कादंबऱ्या वाचून दाखवल्या, त्यांतल्या एकीतही कोणी मेलं नाही. छापील पुस्तकांत मेले होते. भरपूर मेले होते. मी मरू दिले नाहीत.

राजाभाऊ म्हणजे आमच्या राळेगावातले रिटायर्ड ग्रेडर. सगळी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर गेली. शेतकऱ्याच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा कापूस उपसायचा, दोन अंगठ्यांत धागा ताणून पाहायचा आणि मालाचा दर्जा सांगायचा. रिटायर झाल्यावर हात गप्प बसेनात, म्हणून ते त्यांनी पुस्तकांत घातले. ग्रंथालयात गेले की पहिलं पान कधी उघडणार नाहीत.

"वरचा कापूस कोणीबी चांगलाच ठेवते बे. खालून काढून पाहा लागते!"

मग पुस्तकाच्या पोटात बोटं खुपसून मधलंच एखादं पान काढायचं, दहा ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि निकाल द्यायचा. रडकी कादंबरी असली की, "ओलावा लय हाये, उन्हात टाका." उपदेश फार असला की, "नुसती सरकीच सरकी, रुई कुठं हाये?" म्हणजे बियाच फार, कापूस नाही. एका लेखकाच्या म्हातारपणीच्या पुस्तकाला तर ते "फरदड" म्हणाले. म्हणजे हंगाम संपल्यावर, पऱ्हाटी उपटायच्या वेळेला तिच्यावरून ओरबाडलेला कापूस. पुस्तक पसंत पडलं तर "काटा करा!", म्हणजे वजन करून घ्या, आणि नाही पडलं तर "गाडी वापस!" हे ते इतक्या जोरात ओरडतात की ग्रंथपालबाई खुर्चीत दचकतात.

त्यांचं वाचनाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. घरात कापूस येऊ लागतो तेव्हा, म्हणजे दसऱ्याला, सुरू होतं. त्याला ते हंगाम म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या ओसरीवर 'मुहूर्त' असतो. खरेदी सुरू होताना पहिल्या गाडीवाल्याचा सत्कार होतो ना, तसा इथे सरत्या हंगामातल्या अव्वल पुस्तकाचा होतो. पुस्तकाला पाटावर बसवतात, कुंकू लावतात, दुपट्टा पांघरतात, समोर नारळ फोडतात. आमच्या ग्रंथालयातली चांगली पुस्तकं शोधायची असतील तर कव्हरवरचे कुंकवाचे डाग पाहावेत.

गेल्या वर्षी त्यांचे मोतीबिंदू पिकले. शुगरमुळे डॉक्टर ऑपरेशनला तयार होईनात. अक्षरं दिसायची थांबली तसे राजाभाऊ अंगणात पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरायला लागले. एका संध्याकाळी कुंपणावरून हाक आली.

"दिलीप, तुले सांजच्याले काय काम असते?"

"काही नाही, भाऊ."

"मंग मह्यासाठी वाच. तसाबी तू बोलत नाही. तेवढंच तोंड वापरात राहील."

खरं होतं ते. मी शाळेत क्लार्क आहे. दिवसभरात माझं बोलणं "उद्या या" एवढंच असतं.

पहिलीच कादंबरी एका मास्तरीणबाईची होती. राजाभाऊ उड्या मारत ऐकायचे. वाईट सासूला शिव्या द्यायचे, नवऱ्याला सल्ले द्यायचे, आणि प्रकरण संपलं की "चाल, अजून एक, अजून एक!" शेवटच्या पानावर मास्तरीणबाई तापानं मरते. मी ते पान उलटलं आणि माझी जीभ अडली.

का अडली, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. त्यांची बायको, कमलकाकू, यवतमाळच्या दवाखान्यात होती. राजाभाऊ तिचे कपडे आणायला घरी आले होते. तिच्याजवळ मी बसलो होतो. दुपारी काकू गेली. शब्द न बोलता गेली. थोड्या वेळानं राजाभाऊंचा फोन आला. एस.टी.त उभे होते, गर्दीचा आवाज येत होता. "कशी हाये?" बी.पी.चा माणूस, भरल्या गाडीत उभा. मी म्हणालो, "बरी आहे. सलाईन चालू आहे. आत्ता चहा मागितला."

ते पोचले तेव्हा त्यांना वाटलं, फोन झाल्यावर, आपण वाटेत असताना गेली. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतात, "शेवटी चहा मागतला तिनं. शौकीनच होती ना चहाची!" आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. मी काहीतरी काम काढून तिथून उठतो.

तर, ते मास्तरीणबाईचं पान. राजाभाऊ पुढे झुकून बसले होते. "वाचली का रे बिचारी?"

मी म्हणालो, "वाचली. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. सकाळी उठून तिनं चहा मागितला."

"काटा करा!" राजाभाऊंनी टाळीच वाजवली.

मग मला थांबता आलं नाही. मी आयुष्यात बोनाफाईड सर्टिफिकेटच्या पलीकडे काही लिहिलेलं नाही, पण त्या वर्षी शाळेत बसल्याबसल्या माझ्या डोक्यात नुसता गोंधळ माजलेला असायचा. विहिरीत उडी घेतलेल्या सुनेला बाहेर कसं काढायचं? फाशीच्या कैद्याची सुटका कोणत्या सबबीवर करायची? युक्ती सुचली की मी टेबलावर बुक्की मारायचो आणि हेडमास्तर चष्म्यावरून बघायचे. पेशवाईतल्या कादंबरीत तर मोठीच पंचाईत झाली. तिथे सलाईन कुठून आणणार? शेवटी वैद्याचा काढा पाजला. चहाऐवजी पेज मागवली.

एकदा राजाभाऊ म्हणाले, "आजकालच्या लेखकाइले सलाईनचं भलतंच वेड हाये बे!" मी ठसका लागल्याचं नाटक केलं.

घरी माझी बायको मंदा विचारायची, "काहून हो, एकटेच हसून राह्यले? कोण आठवली?" तिला काय सांगू, की आज एक बाई क्षयातून उठवून आलो!

दसरा झाला आणि शुगर ताब्यात आली. वर्ध्याला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. राजाभाऊ काळा गॉगल लावून सिनेमातल्या व्हिलनसारखे परत आले. आता हा माणूस स्वतः वाचणार. खरे शेवट पाहणार. सगळीकडे माझंच सलाईन आणि माझाच चहा होता हे कळलं, की दवाखान्यातल्या त्या चहाचा हिशोब लागायला किती वेळ?

पण राजाभाऊ म्हणाले, "अजून धुकंच दिसते गड्या. तू येत जा." मी सुटलो. म्हणजे तेव्हा तरी तसं वाटलं.

पाडव्याला मुहूर्त झाला. ओसरी भरली, चिवड्याच्या ताटल्या फिरल्या. पाटावर मास्तरीणबाई, दुपट्टा पांघरून. राजाभाऊ रंगात आले. "लांब धागा, साफ माल, काडीकचरा नाही! अन् शेवट तं असा, का बाई मरणाच्या दारातून वापस येते!"

टायरवाले सलीमभाई गावातले दुसरे पट्टीचे वाचणारे. ते ताटली ठेवून उठले. "ओ राजाभाऊ, काय बोलून राह्यले? ते तं मरते ना! म्या दोन बार वाचलं. दोन्ही टाइम मेली."

मी चिवड्यात डोकं घातलं. शेंगदाणे मोजल्यासारखं करत राहिलो.

राजाभाऊंनी गॉगल नीट केला. "तुह्या गाडीत मेली असंल, सलीम. मह्या गाडीतून जितीजागती उतरली."

"अरे पण पुस्तक तं एकच हाये ना, भाऊ!"

"वावर एकच असते. येचणी येचणीत फरक पडते. फोडा नारळ!"

सगळे हसले. नारळ फुटला. सलीमभाई बायकोला सांगत गेले म्हणे, की राजाभाऊंचा डोळा सुधरला पण डोकं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. खिडकी उघडी होती. राजाभाऊ उजेडाकडे तोंड करून बसले होते. गॉगल बाजूला, मांडीवर मास्तरीणबाई, शेवटचं पान. बोट ओळीवरून सरळ, न अडखळता जात होतं. वाचून झालं तसं त्यांनी ते पान तळव्यानं सपाट केलं, जसं कोणाचं कपाळ पुसावं. पलीकडे वर्षभराची बाकीची पुस्तकं रचून ठेवली होती. ग्रंथालयातून पुन्हा मागवलेली.

मी मुद्दाम चपला वाजवल्या. आत गडबड झाली. मी दारात पोचलो तेव्हा गॉगल डोळ्यांवर होता, आणि पुस्तकं चादरीखाली.

"कोण? दिलीप काय? ये. मले तं काहीच दिसत नाही बावा. वाच."

मी नवी कादंबरी काढली. दोन पानं वाचली असतील नसतील, तेवढ्यात ते म्हणाले, "राहू दे आज. घरी काही काम हाये तुले?"

"नाही."

"मंग बस नुसता."

बसलो. बाहेरून कापसाचा एक टेम्पो गेला. तो चौकात वळला.

"कमल गेली तवा तू एकटाच होता ना रे तिथं?" ते म्हणाले. "तुले लय भारी गेलं असंल. म्या कधी इचारलंच नाही."

मी नुसती होकाराची मान हलवली.

"हं," राजाभाऊ म्हणाले. धुकं दिसणाऱ्या माणसाला ती मान बरोबर दिसली होती.

अजून मी रोज जातो. ते आंधळ्याचं सोंग करतात, मी वाचतो, आणि आता जे छापलंय तेच वाचतो. परवा एक म्हातारा मेला, तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण कमलकाकूनं चहा मागितला नव्हता, हे माझ्या तोंडून त्यांनी अजून ऐकलेलं नाही. ते सांगणं मी त्यांना देणं लागतो.