तहसीनचा वाघ

सोमवारी सकाळी खुर्शीदभाई सायकलवर बांगड्यांची पेटी बांधत होते आणि त्यांची मुलगी दारात उभी राहून वाक्य शोधत होती. एप्रिलचं ऊन आठ वाजताच चटके देत होतं. अब्बांच्या हृदयाबद्दल बोलताना डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात आवाज खाली आणला होता. तिला एवढंच म्हणायचं होतं, की जाऊ नका, मला भीती वाटते. पण त्या घरात असली वाक्यं कुणी बोलत नसे, "जेवलात का?" यातच सगळं भागायचं. त्यामुळे धानोऱ्याच्या शाळेत मुलांना शब्द जपून वापरायला शिकवणारी तहसीन म्हणाली,

"नाल्याच्या वळणावर वाघ आहे म्हणे."

खुर्शीदभाईंचे हात थांबले. "कोन पाह्यला?"

"शाळेत बोलून राह्यले होते."

"मंग मोहा वेचणाऱ्या बाया?"

त्या बायांचा तिने विचारच केला नव्हता. मोहफुलं पहाटे गळतात. बाया अंधारातच टोपल्या घेऊन रानात जातात, आणि पंधरा-वीस दिवसांत जे वाळवून होईल त्यावर पावसाळा काढतात. त्या भागात 'वाघ' हा शब्द कुणी उगीच उच्चारत नाही. रानात तर नुसतं 'तो' म्हणतात.

"अब्बा, खरं-खोटं कोनाले माहीत..."

"जीव गेल्यावर खरं करायचं काय?" खुर्शीदभाईंनी सायकल भिंतीला लावली, खाटेवर बसले आणि फोन काढला.

त्यात दीडशे बायांचे नंबर होते, नावापुढे बांगडीचं माप. बुधरी दोन-सहा. रुखमाबाई दोन-चार. चाळीस वर्षं या माणसाने त्यांच्या हातात बांगड्या भरल्या होत्या, एकीच्या मनगटाला काच लागू दिली नव्हती. दुपारपर्यंत सगळ्यांना फोन झाले. संध्याकाळी त्या बायांच्या टोल्याचे, म्हणजे वस्तीचे सरपंच गुणवंतराव यांनी भोंग्यावरून सांगितलं. मंगळवारी पहाटे रानात माणूस नव्हतं.

'दुपारची जेवणं झाली की खरं सांगू,' तहसीनने ठरवलं. जेवणं झाली. खुर्शीदभाई जरा आडवे झाले, आणि चहाला उठलेच नाहीत.

गुरुवारी तिसऱ्या दिवसाचं कुराणपठण संपलं आणि मांडवात टोल्याची माणसं येऊन बसली. तहसीन पाणी देत फिरत होती. प्रत्येक गटात तिला वाघच भेटत होता.

"जाता जाता आमचे जीव वाचवून गेला भाऊ," रुखमाबाईंनी डोळे पुसले.

"मी सोता पाह्यला ना," गुणवंतराव म्हणाले. "बुधवारी. नऊ फूट."

"काल तर सात म्हनत होते!"

"काल तो बसला होता."

वनरक्षक आदेशने मान हलवली. "साहेब, रानात लावलेल्या कॅमेऱ्यात तर नुसतं डुक्कर आलं."

"तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा खुर्शीदभाऊचा शब्द मोठा आहे. आखरी शब्द होता त्याचा. म्या ठरवलं, पंधरा दिवस रानात कोनीच जायचं नाई. जाईल त्याले दंड."

तहसीनने तांब्या खाली ठेवला. पंधरा दिवसांत मोहाचा हंगाम संपणार होता. बोलली, तर अब्बांचा शेवटचा शब्द खोटा ठरेल. गप्प राहिली, तर त्याच शब्दाने दीडशे घरांची मोहफुलं झाडाखाली कुजतील. ती मांडवाच्या मधोमध आली.

"वाघ नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते अब्बांशी. ते घरी राहावेत म्हणून."

मग रुखमाबाईंनी तिला जवळ ओढलं. "रड, बाई, रड. दुखात मानूस काईबी बोलते."

"मी खरं सांगतेय!"

"पोरीनं तीन दिवसांपासून काई खाल्लं नाई वाटते," गुणवंतराव हळहळले. "अवं, म्या पाह्यला ना तो. दहा फूट."

तेव्हा मागच्या रांगेतून बुधरी उठली. साठीची, काटक, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. "सरपंच, पाह्यला तं पाह्यला. पन मले काऊन नाई दिसला? मी तं दोन दिवसांपासून वेचून राह्यली. एकटीच. येवढा मोहा जिंदगीत नाई भेटला."

मांडवातल्या सगळ्या बाया एकदम तिच्याकडे वळल्या.

"एकटीच?" रुखमाबाई ओरडल्या. "अन् आमाले सांगितलं नाई?"

"भाऊनं थांबवलं होतं. मंगळवारी सकाळी फोन केला त्यानं. म्हने, बुधरी, वाघबिघ काई नाई, शाळेत इचारलं मी. माह्या तहसीनले 'घरी राहा' म्हनता येत नाई, म्हनून तिनं वाघ आनला. आजच्या दिवस पोरीले बोलू देतो. नाईच बोलली, तर उद्या सगळ्याइले सांगतो, म्हातारपनी मलेच कुत्रा वाघ वाटला म्हनून." बुधरीने पदर सारखा केला. "मंग तो गेला. म्हटलं, पोरगी बोलेपर्यंत थांबू."

आदेशने हळूच विचारलं, "साहेब, तुमचे दहा फूट लिहू का रजिस्टरात?"

"लांबून पाह्यलं होतं," गुणवंतराव म्हणाले आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

पण तांब्या जमिनीवर होता. तहसीन भिंतीजवळ गेली होती. सायकलवर पेटी सोमवारी बांधली तशीच होती, दोरीची एक गाठ द्यायची राहिलेली. तिने ते मोकळं टोक हातात धरलं. मांडव ऐकत होता, आणि तिने आवाज खाली आणला नाही.

"अब्बा, जाऊ नका. मले भीती वाटते."