उजवं पायतान ठिवून जा

अक्षयतृतीयेआधीचा मंगळवार. ठिकाण: परतूर, नारबा सुताराची पडवी. हजर: नारबा, किसनराव पाटील आणि मी. शिवाय भिंतीला टेकवलेली तीन पायतानं, तिन्ही उजव्या पायाची, मालक गैरहजर.

मी कापसाच्या जिनिंगात हजेरी मांडतो, त्यामुळे नोंदीची सवय आहे. पण शेजारच्या पडवीतल्या या पायतानांची नोंद कुठं करावी ते कळत नव्हतं. नारबाकडून माणसं एका पायाने अनवाणी परत जाताना मी पाहिली होती. त्याच्याबद्दल मनात चांगलं काही येत नव्हतं.

त्या दिवशी उलगडा झाला. नारबाने भिंतीवर कोळशाने चित्र काढलं होतं: बैलगाडीला लावायची घडीची पायरी. लाकडाला अजून हात लावलेला नव्हता.

"बहोत बढिया," किसनराव म्हणाले. "आमच्या म्हातारीला बराबर होईल. जल्दी कर."

"घेता?"

"बिलकुल."

"मंग उजवं पायतान ठिवून जा. पायरी न्यायला याल तवा मिळंल."

"अन् घरी काय लंगडी घालत जाऊ?"

"गरज असंल तर जाताल. हे तिघं गेले. त्यांचंच काम करून राह्यलो."

किसनरावांनी चित्राकडे पाहिलं, मग बाहेरच्या तापलेल्या फुफाट्याकडे. "म्हातारीला पोरं उचलून ठिवतेत म्हना," असं म्हणून ते दोन्ही पायतानं घालून गेले. नारबाने चित्र पुसलं.

हा माणूस असाच. त्याच्या चहाला चांगलं म्हटलं की विचारतो, "आनखी एक कप घेता?"

"एवढा संशय कशाला रे?" मी म्हणालो.

तो आत गेला आणि पाठीला फळी असलेली एक बुटकी बैठक घेऊन आला. जात्यावर दळताना बसायला, बायकोसाठी केलेली. तिची कंबर दुखायची.

"लई बेस झाली म्हनली. ती गेल्यावर उचलून पाह्यली, तर फळीवर माझी पेन्सिलीची रेघ जशीच्या तशी. एक दिवस बसली न्हाई. उंच झाल्ती, भाऊ. खुंट्याला हात पुरत नसंल. मला वाईट वाटंल म्हनून भुईवरच दळत राह्यली."

बैठक भिंतीला टेकवून म्हणाला, "दुसरी करायची हाय. बराबर उंचीची. घरी वहिनींना इचारा. चांगली होईल का, असं इचारू नगा, हो म्हनतील. दळताना कुठं दुखतं, तेवढंच इचारा."

मी लगेच हो म्हणालो. नारबाने माझ्या पायांकडे पाहिलं.

माझ्या त्या दिवशीच्या कामांच्या यादीत कौलं, रॉकेल, सरपण यांवर रेघ पडली आहे. शेवटचं काम तसंच आहे. बायको दळत असताना दोनदा जात्यापर्यंत गेलो. "काय पायजे?" तिने खुंटा न सोडता विचारलं. "काही नाही," म्हणून परत आलो.

माझं उजवं पायतान अजून नारबाकडेच आहे.