अप्पांचा विरोधी पक्ष

ज्या एका ठरावासाठी अप्पांनी माझ्यावर भरवसा ठेवला होता, तो मी टाळ्या वाजवून पाडला. गेलो होतो त्यांच्या बाजूने बोलायला, आणि विरुद्ध बाजूची पहिली टाळी माझीच वाजली.

अप्पा सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीतले मागावरचे कारागीर, मूळचे धुळ्याकडचे. मागावर काम करणारे गल्लीत घरटी एक सापडतील, पण असा विरोधक नाही. टपरीवर सगळ्यांनी चहा सांगितला की हे कॉफी सांगायचे. कॉफी त्यांना मुळीच आवडत नसे. तोंड वाकडं करून प्यायचे आणि म्हणायचे, "सगळ्यांचं एकमत दिसलं का समजायचं, कोणीतरी घाबरेल शे. माझा विरोध नोंदवा."

याचं मूळ त्यांच्या रेडिओत. तरुणपणी अप्पा लाल बावट्याचे. रशिया म्हणजे जणू त्यांचं आजोळ. पण तिथे सगळंच एकमताने मंजूर होतं हे कळलं आणि त्यांचं मन आजोळावरून उडालं. मग नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास तिथे जागोजाग विरोधक उभे राहायला लागले, आणि अप्पांचं जाणं-येणं पुन्हा सुरू झालं. रेडिओला तांब्याची तार बांधून ती खिडकीबाहेर सोडलेली. त्यातून खरखरत हिंदी बातम्या यायच्या. लिथुआनियात लोकांची आघाडी निवडून आली, युक्रेनमध्ये कॉलेजची पोरं तंबू ठोकून उपाशी बसली, कोळशाच्या खाणीतल्या कामगारांनी सरकारी युनियनला लाथ मारून आपली कमिटी काढली, हे सगळं ते भावकीची खुशाली सांगावी तसं सांगायचे. "खाणवाल्यांचं बरं चाललंय. मॉस्कोवाल्यांचं मात्र आपसात पटत नही. तीन जण जमले का चार पक्ष!"

आमचं गणेश मंडळही त्यांच्या मते तसलंच संघराज्य होतं. खानदेश, विदर्भ, मराठवाडा एका मांडवाखाली, आणि वर नाना किराणावाले, कायमचे अध्यक्ष. नाना ठराव वाचायचे आणि म्हणायचे, "मंजूर? वाजवा टाळ्या." मीही मराठवाड्याच्या वतीने मन लावून वाजवायचो. कापड मार्केटात शेटजींसमोर मेहताजीगिरी, म्हणजे हिशेबाची कारकुनी, करणाऱ्याला ती सवय लागतेच.

एक्क्याण्णवला अप्पांनी ठराव आणला: संध्याकाळच्या आरतीशिवाय सकाळी साडेसातला आणखी एक आरती व्हावी, रातपाळीवाल्यांसाठी. मला नवल वाटलं, कारण अप्पा देवापुढे हात जोडत नसत.

"तत्त्वाचा प्रश्न शे," ते म्हणाले. "अनुमोदनाला एक माणूस लागतो. तू उठशील ना?"

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले होते आणि माणसं त्यांच्यासमोर उभी राहिली होती. अप्पा त्या भरात उठले आणि आरतीचं भाषण त्यांनी लिथुआनियापासून सुरू केलं. रविवारची दुपार, पोटात डाळबट्टी. एस्टोनियापर्यंत मी जागा होतो. नानांनी "अनुमोदन कोणाचं?" असं दोनदा विचारलं म्हणतात. मला ऐकू आलं ते एवढंच, "...तेव्हा आरती फक्त संध्याकाळची. मंजूर? वाजवा टाळ्या." डोळे उघडायच्या आत हातांनी काम उरकलं होतं.

"विरोधी पक्ष फुटला," अप्पा शांतपणे म्हणाले. "नोंद घ्या." आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला त्यांच्या खोलीवर गेलो. खोलीत माणसं दोन आणि खाट एक. सुरतेत याचं कोणाला नवल नाही. दिवसपाळीवाला उठतो, रातपाळीवाला आडवा होतो, खाट काही गार होत नाही. अप्पांचे जोडीदार देवराव, वर्ध्याकडचे, भेस्तानच्या मागांवर रातपाळी करायचे. दोघांची सुट्टीही वेगळ्या वारी.

अप्पांनी आपली चादर काढून देवरावांची अंथरली होती. चहा उकळत होता आणि मांडीवर झांजांची जोडी घेऊन ते ती चिंचेने घासत होते.

"देवरावची," ते म्हणाले. "गावाकडून आणली, खिळ्याला टांगली ती टांगलीच. आरतीच्या टायमाला तो मागावर." दुसरी झांज घासायला घेत म्हणाले, "रोज एक कप चहापुरते भेटतो आम्ही. तेवढ्यात काय बोलणार? म्हणून मी त्याले रशिया सांगतो."

तेवढ्यात देवराव आले, केसांत सुताचा भुगा. दारातूनच म्हणाले, "काहो अप्पा, त्या रणगाड्याईचं काय झालं?"

"गेले परत."

"अन् आपल्या आरतीचं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"पडली," ते म्हणाले. "एकमताने."

हा शब्द त्यांनी तोंड वाकडं न करता उच्चारलेला मी तेव्हाच ऐकला. मला राहवेना. "देवराव, टाळ्या मी वाजवल्या."

देवरावांनी चहा संपवला, झांजा उचलून माझ्या हातात दिल्या. "मंग आता ह्या वाजवा." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडे तोंड करून त्यांनी आरतीला आवाज लावला. अप्पांची कामावर जायची वेळ टळत होती. त्यांनी हात काही जोडले नाहीत, पण ते देवरावांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

मी जीव तोडून झांजा वाजवत होतो. दुसऱ्या ओळीलाच देवराव थांबले.

"मेहताजी, ठेवा त्या खाली. तुमाले चुकीच्या वेळेलेच वाजवता येते."